दिलेला, निवडलेला, मांडीवर घेतलेला : ‘ॲडॉप्शन’ या शब्दाची आपल्याकडची वाटचाल

‘ॲडॉप्ट’ हा इंग्रजी शब्द आता पांडेसऱ्यातल्या मराठी घरांतही सहज ऐकू येतो. शाळेने शिकवण्याची नवी पद्धत ॲडॉप्ट केली. मिलने रंगाईचे नवे मशीन ॲडॉप्ट केले. एखाद्या मंडळाने चौकातली बाग ॲडॉप्ट केली. आणि अमक्याने मूल ॲडॉप्ट केले. पहिली तीन वाक्ये आपण मोठ्याने बोलतो. चौथ्याला आवाज आपोआप खाली येतो. शब्द तोच असताना आवाज का बदलतो, एवढ्या एका प्रश्नासाठी हे लिखाण आहे. उत्तर शोधताना सातारा, झाशी आणि बडोद्याकडे जावे लागेल, आणि त्यात आपले सुरतही येईल.

आधी शब्दच पाहू. इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला आहे. ‘ॲड’ म्हणजे कडे, आणि ‘ऑप्टारे’ म्हणजे इच्छिणे, निवडणे. ‘ऑप्शन’ हा शब्द त्याचाच भाऊ. म्हणजे इंग्रजी शब्दात घेणारा बोलतो : मी निवडले, मी आपलेसे केले. आपला ‘दत्तक’ शब्द संस्कृत ‘दा’ धातूपासून, देणे या अर्थाचा. दत्त म्हणजे दिलेला. इथे घेणारा गप्प आहे आणि देणारा पुढे आहे. कोणा एका आईने, कोणा एका बापाने आपल्या हाताने दिले, ही गोष्ट आपला शब्द विसरू देत नाही. आणि तिसरी तऱ्हा बोलीची आहे. आपण म्हणतो ‘मांडीवर घेतला’, आपले गुजराती शेजारी म्हणतात ‘खोळे लीधो’, उत्तरेकडून आलेले कामगार म्हणतात ‘गोद लिया’. निवडण्याचा किंवा देण्याचा उल्लेखच नाही. मूल कुठे बसले तेवढेच सांगितले आहे. मला स्वतःला ही तिसरी तऱ्हा सगळ्यांत आवडते, पण कोर्टकचेरीत ती कधीच चालली नाही. तिथे चालला तो पहिला शब्द, आणि तो चालताना दुसऱ्याचा अर्थ थोडा थोडा बदलत गेला.

धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस म्हणजे पोटचा, क्षेत्रज, दत्तक, कृत्रिम, क्रीत म्हणजे विकत घेतलेला, स्वयंदत्त म्हणजे स्वतःच येऊन ‘मी तुमचा’ म्हणणारा, अपविद्ध म्हणजे टाकून दिलेला आणि कोणी उचललेला, असे बरेच. ही यादी वाचताना माणसांच्या किती अडचणी त्या काळी लोकांनी पाहिल्या असतील असे वाटते. कलियुगात त्यांतले बहुतेक प्रकार वर्ज्य ठरले आणि व्यवहारात औरस आणि दत्तक एवढे दोनच उरले. त्यामुळे टाकून दिलेले मूल उचलून वाढवणाऱ्यासाठी जो वेगळा शब्द होता तो बाद झाला. पुढची दोनतीनशे वर्षे ‘दत्तक’ म्हणजे ओळखीच्या, शक्यतो भाऊबंदांतल्या घरून, विधिपूर्वक दिलेला मुलगा. मुलगा, मुलगी नव्हे. नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसे’त दत्तक कन्येचा विचार आहे, दशरथाची शांता लोमपादाला दिली होती, असा दाखलाही आहे. पण इंग्रजी न्यायालयांनी तो भाग सोडून दिला.

आता सुरतेकडे या. आपल्या भागात दत्तकाबाबत कोणता ग्रंथ प्रमाण, हा प्रश्न इंग्रजी न्यायालयांपुढे आला तेव्हा उत्तर मिळाले ‘व्यवहारमयूख’. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण यांत मयूखाला पहिला मान. वर देशावर मिताक्षरेला. हा मयूख लिहिणारे नीलकंठ भट्ट सतराव्या शतकातले काशीचे पंडित. पण त्यांचे घराणे पैठणचे. त्यांचे पणजोबा रामेश्वर भट्ट पैठण सोडून काशीला गेले, आणि आजोबा नारायण भट्टांचे नाव विश्वेश्वराच्या मंदिराच्या उभारणीशी जोडले जाते. म्हणजे गोदाकाठच्या घराण्यातल्या माणसाने गंगेकाठी बसून लिहिलेला ग्रंथ तापीकाठच्या लोकांचे वारस ठरवू लागला. एवढ्यावरच संपत नाही. या ग्रंथाचे पहिले इंग्रजी भाषांतर बोरॅडेल नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने केले आणि ते १८२७ साली सुरतेच्या मिशन प्रेसमध्ये छापले गेले. आपण स्थलांतर करून आलो असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. आपल्याआधी जवळजवळ दोनशे वर्षे एक पैठणकर पुस्तकरूपाने सुरतेत येऊन बसला होता, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मयूखाची एक गोष्ट तर फार मोलाची. विधवेने दत्तक घ्यायचा तर मयत नवऱ्याची परवानगी हवी की नको? बंगालमध्ये हवी असे मानले जाई. मद्रासकडे सपिंडांची संमती लागे. नीलकंठ भट्टांनी म्हटले की परवानगीचे वचन नवरा जिवंत असलेल्या बाईसाठी आहे. विधवेला ते लागू नाही. या एका वाचनामुळे मुंबई इलाख्यातल्या बाईच्या हातात एक अधिकार राहिला. तिला शेत विकता येत नसे, घरात बोलता येत नसे, पण कोणाला मांडीवर घ्यायचे हे ती ठरवू शके. दीर, पुतणे आणि चुलतसासरे तिच्याशी एकाएकी गोड का बोलू लागत, ते यातून कळते. आपल्या जुन्या घरांतली कितीतरी भांडणे याच जागी सुरू झाली आणि दिवाणी कोर्टात पिकत राहिली.

त्याच १८२७ साली बिठूरला दुसऱ्या बाजीरावाने धोंडोपंत नावाचा मुलगा दत्तक घेतला. कर्जतजवळच्या वेणगावच्या माधवराव नारायण भटांचा तो मुलगा. पुढे तोच नानासाहेब पेशवा. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारला आणि वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन बंद झाले. इथे बारकाईने पाहा. नानासाहेब दत्तक नाही, असे कंपनी म्हणाली नाही. वेतन बाजीरावापुरते होते, ते वारशाने चालत नाही, एवढेच म्हणाली. नानासाहेबाने अजीमुल्ला खानाला लंडनला पाठवले. तो हात हलवत परत आला.

साताऱ्याला हीच युक्ती आणखी धारदार झाली. छत्रपती प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत केले होते. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे चौदा वर्षे अर्ज लिहीत राहिले. गादीवर बसवलेले धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये वारले. मरणापूर्वी त्यांनी विधिपूर्वक दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत राज्य चालू ठेवावे असे होते. लॉर्ड डलहौसी नुकताच गव्हर्नर जनरल होऊन आला होता. त्याने लिहिलेल्या टिपणाचा गाभा असा की दत्तक मुलगा खाजगी मालमत्तेचा वारस जरूर आहे, पण सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून तो राज्याचा वारस होत नाही.

म्हणजे ‘ॲडॉप्शन’ या शब्दाचे दोन तुकडे झाले. घरात मुलगा, दारात परका. शास्त्रात असा तुकडा नव्हता. दत्तकाने पिंड द्यायचा, कर्ज फेडायचे, देव्हारा सांभाळायचा, वतनही सांभाळायचे. एक दिले की सगळे दिले. डलहौसीने पिंड आणि भांडीकुंडी मुलाकडे ठेवली आणि राज्य कंपनीकडे घेतले. या धोरणाचे इंग्रजी नाव ‘लॅप्स’. तो शब्द निसटणे, मुदत संपणे या अर्थाचा, जणू कोणी काही केलेच नाही, राज्य आपले आपण घरंगळत आले. आपल्या लोकांनी त्याला दिलेला शब्द जास्त खरा होता : ‘खालसा केले’. त्यात करणारा दिसतो.

पुढचे आपण शाळेत शिकलो आहोत, म्हणून लांबवत नाही. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. राण्यांनी यशवंतरावांना दत्तक घेऊन जानोजी नाव ठेवले. राज्य १८५४ मध्ये खालसा. झाशीचे गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गेले. आदल्याच दिवशी त्यांनी नात्यातल्या आनंदरावाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. राज्य १८५४ मध्ये गेले. लक्ष्मीबाईंनी पाठीवर बांधलेले मूल कोणते, हे आपण चित्रात पाहतो, पण ते दत्तक होते ही गोष्ट चित्र पाहताना मनात येत नाही. यायलाही नको. मात्र झाशीचा कागदोपत्री वाद सबंधच त्या एका शब्दावर होता, हे विसरून चालणार नाही. १८५७ ला बाकी अनेक कारणे होती. तरी बिठूर आणि झाशी या दोन ठिकाणी आग लागली तिचे सरपण दत्तकाच्या नामंजुरीचे होते.

उठाव शमल्यावर इंग्रजांनी तोच शब्द फिरवून घेतला. १८५८ मध्ये राणीचा जाहीरनामा निघाला, आणि १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना सनदा दिल्या : औरस वारस नसेल तर धर्म आणि कुळाचार यांप्रमाणे घेतलेला दत्तक सरकार मान्य करील. ‘ॲडॉप्शन सनद’ हे जोडनाव तेव्हाचे. अर्धा शब्द साहेबाचा, अर्धा दरबारी फारसीचा, आणि आतला माल आपल्या धर्मशास्त्राचा. चौदा वर्षांपूर्वी जे अमान्य होते ते आता राजनिष्ठेचे बक्षीस झाले.

आणि आता बडोदा. ही गोष्ट आपली. नवसारी आणि सोनगड हे मुलूख गायकवाडांचे, सुरत मात्र इंग्रजांचे. आपले आजचे येणेजाणे त्या जुन्या सरहद्दी दिवसातून दोनदा ओलांडते. महाराज खंडेराव १८७० मध्ये वारले. त्यांच्यामागे भाऊ मल्हारराव गादीवर आले आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना दूर केले. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना पुण्याहून परत बोलावून दत्तक घेण्याची मुभा दिली गेली. शोध सुरू झाला. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. आपल्यापैकी ज्यांचे मूळ गाव धुळे किंवा नांदगावच्या बाजूला आहे त्यांना तो भाग परका नाही. तिथे गायकवाडांची एक शाखा शेती करून राहत होती. शाखा खरी मूळ घराण्यातलीच का, याची चौकशी झाली. काशीराव गायकवाड आपल्या मुलांना घेऊन बडोद्याला आले. मुलांना पाहिले, बोलवले, पारखले. त्यांतल्या गोपाळरावाची निवड झाली. कशाला आलास, असे विचारल्यावर तो राज्य करायला आलो म्हणाला, अशी कथा आहे. कथा चांगली आहे म्हणून टिकली, एवढेच मी म्हणेन.

२७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले. बारा वर्षांचा, अक्षरओळखही न झालेला गोपाळराव सयाजीराव झाला. लॅटिन शब्दातली निवड आणि संस्कृत शब्दातले देणे, दोन्ही त्या एका समारंभात होती, आणि मांडीही होती, एका विधवेची. निवड किती यशस्वी झाली ते मी बडोद्याच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको. १८८१ च्या अखेरीस त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला. १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, मुलींसह. १९१३ मध्ये तरुण आंबेडकर त्यांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९३२ च्या कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष सयाजीरावच होते.

पण माझी नजर नेहमी काशीरावांकडे जाते. ज्याच्याविषयी ग्रंथ लिहिले गेले तो घेतला गेलेला मुलगा. ज्याने दिला तो बाप इतिहासात दीडदोन ओळींचा. कायद्याने त्या दिवसानंतर गोपाळराव त्याचा कोणी नव्हता. भाऊ संपतरावांचाही भाऊ नव्हता. तरी संपतराव बडोद्यातच राहिले, शिकले, मोठे ग्रंथप्रेमी म्हणून नाव कमावले. कायद्याने नाते तोडले आणि माणसांनी ते चालू ठेवले. शास्त्रातला ‘दत्त’ हा शब्द या माणसांना निदान लपवत तरी नाही.

कोल्हापुरातही हेच. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासातले दोन सर्वांत मोठे सुधारक राजे दत्तक होते. कॅनिंगच्या सनदेमागे हेतू राजनिष्ठेचा होता. तिच्यातून असे राजे निघतील हा हिशेब त्यात कुठेच नव्हता.

राजांचे झाले, आता आपल्या चाळीत, सोसायटीत या. २१ डिसेंबर १९५६ पासून हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू आहे. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, हा त्यातला सर्वांत मोठा फरक. नवऱ्याने दत्तक घ्यायचा तर बायकोची संमती लागू लागली. २०१० च्या दुरुस्तीनंतर विवाहित स्त्रीही नवऱ्याच्या संमतीने दत्तक घेऊ शकते. पूर्वी विधवेने वीस वर्षांनी दत्तक घेतला तरी तो नवऱ्याच्या मरणाच्या क्षणापासून मुलगा धरला जाई आणि मधल्या काळात ज्यांच्याकडे जमीन गेली त्यांच्याकडून ती परत खेचता येई. तो प्रकार या कायद्याने संपवला : दत्तकाच्या दिवसापासून नाते, आणि कोणाकडे आधीच गेलेली मालमत्ता काढून घेता येणार नाही.

आता आपल्याकडे रोज होणारी एक गोष्ट सांगतो, कारण इथे शब्द चुकला की माणसाचे नुकसान होते. गावाकडे पाऊस नाही, शाळा लांब, म्हणून अमळनेर किंवा नंदुरबारच्या बाजूचा भाऊ आपला मुलगा पांडेसऱ्यात काकाकडे ठेवतो. काकाला मूल नाही. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून काकाचे नाव, रेशनकार्डावर मुलाचे नाव. पंधरा वर्षे जातात. सगळे म्हणतात, ‘तो त्यांनी दत्तकच घेतलाय.’ काका मिलमध्येच एक दिवस जातो, आणि फंडाच्या, विम्याच्या, घराच्या कागदांवर प्रश्न येतो : दत्तक कधी घेतला? कायद्याला अजूनही जुनीच गोष्ट हवी असते, देणे आणि घेणे. जन्मदात्या आईबापांनी प्रत्यक्ष दिले आणि घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष घेतले, हे दाखवावे लागते. होम झाला नाही तरी चालते. देणेघेणे झाले नाही तर चालत नाही. मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतले आणि अविवाहित असावे लागते. वेगळी रूढी असेल तर ती सिद्ध करावी लागते. आजी, काका किंवा सावत्र आई केवळ नात्याच्या जोरावर मूल देऊ शकत नाहीत. पालक म्हणून न्यायालयाची परवानगी लागते. दोन्ही बाजूंच्या सह्यांचे दत्तकपत्र नोंदवलेले असेल तर न्यायालय ते खरे धरून चालते. शाळेच्या अर्जातला ‘गार्डियन’ आणि दत्तकपत्रातला ‘ॲडॉप्टिव्ह फादर’ यांत, आपण घरात एकच शब्द वापरत असलो तरी, एका घराच्या किमतीएवढे अंतर आहे.

आणखी एक शब्द आहे जो आपण सोडून दिला तर बरे. ‘तिची खरी आई कोण?’ हा प्रश्न पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारतेच. इंग्रजीत ‘बायॉलॉजिकल’ आणि ‘ॲडॉप्टिव्ह’ असे दोन शब्द आहेत, आणि दोन्ही विशेषणांत खरेखोटे नाही. मराठीत जन्मदाती हा चांगला शब्द तयार आहे. तो वापरला की दुसरी आई आपोआप खोटी ठरत नाही.

इकडे मूळ शब्द मात्र पसरत चालला आहे. मुंबई महापालिकेची ‘दत्तक वस्ती योजना’ होती, मुलींच्या शिक्षणासाठी ‘दत्तक पालक’ आले, २०१४ पासून खासदार गावे दत्तक घेऊ लागले, प्राणिसंग्रहालयात वर्षभराचा वाघ दत्तक मिळतो. इंग्रजी ‘ॲडॉप्ट’चे सगळे अर्थ मराठीने ‘दत्तक’वर लादले. गाव कोणी दिले? वाघ कोणी दिला? देणाऱ्याशिवायचा दत्तक हा मराठी शब्दाच्या पोटात न मावणारा अर्थ आहे. आणि वर्ष संपले की वाघ परत करता येतो. विधिवत घेतलेला दत्तक रद्द करता येत नाही, हे कायदा स्पष्ट सांगतो. लहान मुलाला हा फरक आपण समजावत नाही आणि मग ते विचारते, मला परत देणार का? गंमत अशी की याच इंग्रजी शब्दाला मराठीत एकदा फार सुंदर प्रतिशब्द सापडला होता. राज्यघटनेच्या उद्देशिकेत लोक संविधान ‘ॲडॉप्ट’ करतात, तिथे मराठीत ‘अंगीकृत’ आहे. अंगावर घेणे. मांडीच्या अगदी जवळचा शब्द.

संस्थेतून मूल घेण्याची वाट वेगळी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली केंद्राच्या ‘कारा’ या प्राधिकरणाकडे नाव नोंदवावे लागते, घराची पाहणी होते, थांबावे लागते. धर्माची अट नाही, आणि इथे देणारी आई बहुतेक वेळा अज्ञात असते, म्हणजे जुन्या यादीतला तो बाद झालेला ‘अपविद्ध’ प्रकार नव्या सन्मानाने परत आला. आदेश पूर्वी न्यायालय देई. १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी देतात. त्यानंतर जन्माचा दाखला निघतो. त्यावर आई आणि वडील या रकान्यांत घेणाऱ्यांची नावे असतात. ‘ॲडॉप्टेड’ हा शब्द त्या कागदावर कुठेच नसतो.